गॅदरिंगमधले हेबरसाहेब

डिसेंबर लागला की शाळेचं गॅदरिंग आठवतंच, पण मला नाच, बक्षीस समारंभ वगैरे काही आठवत नाही, आठवतो तो पत्र्याचा टब. शाळा मिशनची, त्यात इतिहासाच्या सरांना बिशप हेबरचं भारी वेड, त्यामुळे दरवर्षी तीच नाटिका, फक्त हेबर बदलायचा. सातवीत मी होतो.

पहिला प्रवेश इंग्लंडचा. रेजिनाल्ड हेबर, जन्म १७८३चा, पिढीजात जमीनदाराचा मुलगा, ऑक्सफर्डला कवितेचं बक्षीस मिळवलेला, आणि हॉडनेट गावातली पाद्रीची जागासुद्धा घरचीच, म्हणजे नेमायचा हक्कच त्यांच्या घराण्याकडे (आपल्या वतनासारखंच की!). बायको अमेलिया, ते काम करायला वर्गातला एकही पोरगा तयार व्हायचा नाही.

तर एवढं सुखाचं सोडून हा माणूस १८२३ला कलकत्त्याचा बिशप होऊन आला, आणि तेव्हा मुंबई, मद्रास, सिलोन, अगदी ऑस्ट्रेलियासुद्धा त्या एकाच बिशपच्या हाताखाली. मग बाकं उलटी करून होडी, १८२४च्या जूनमध्ये गंगेतून निघायचं, दिल्ली, राजपुताना, गुजरात करत १८२५ला मुंबई, तिथे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन (हा कायम वर्गातला सगळ्यात उंच पोरगा), आणि मग पुठ्ठ्याचं कार्ला, जे हमखास पडायचं.

सिलोनमध्ये सगळं सुंदर, वाईट तो फक्त माणूस, अशा अर्थाची ओळ ह्याच हेबरच्या गाण्यात आहे, मला ती अजून खटकते. सर ते लपवायचे नाहीत, म्हणायचे, १८१९ला लिहिलंय रे, तेव्हा स्वारीने इकडे पाऊलही ठेवलं नव्हतं.

शेवटचा प्रवेश त्रिचनापल्ली, ३ एप्रिल १८२६. साहेब सकाळची प्रार्थना उरकून येतात, आंघोळीच्या हौदात उतरतात आणि तिथेच जातात, वय अवघं ४२. सरांची सक्त ताकीद होती की टब कोरडाच ठेवायचा, पण कुणीतरी आगाऊपणे त्यात बादलीभर पाणी ओतून ठेवलेलं, मी आजोबांच्या धोतराचा झगा सावरत गंभीरपणे त्यात बसलो आणि डिसेंबरच्या थंडीत जोरात ओरडलो, "आई गंऽऽ!"

सगळं मैदान हसतंय, आणि विंगेतून सरांचा दबका आवाज, "अरे गाढवा, हेबर हिंदुस्तानी शिकले होते, मराठी नाही!"