रुस्टेनबर्गची प्लॅटिनम खाण: आधी त्या तीस मीटरांबद्दल

दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टेनबर्गच्या खाणीत उतरायच्या सहलीच्या पत्रकात ‘हलक्या उताराची चाल’ असं लिहिलं होतं. रीफचा, म्हणजे प्लॅटिनम असलेल्या खडकाच्या थराचा, कल इथे 9 ते 10 अंश आहे, त्यामुळे उतार हलकाच. पण हा थर जेमतेम मीटरभर उंचीच्या पोकळीतून काढतात, हे आयोजकांनी एका शब्दानेही सांगितलं नाही. खाणीत तिला स्टोप म्हणतात. त्यातून आम्ही तीसेक मीटर रांगत वर चढलो आणि मला त्याला पाऊण तास लागला. दमट उकाडा, गुडघ्याखाली धारदार चुरा, कमरेला सेल्फ रेस्क्यूअरचा (आणीबाणीत श्वास घ्यायच्या उपकरणाचा) डबा, आणि मान वर केली की हेल्मेट खडकावर आपटणार. गुडघ्याला पॅड नव्हते, त्यामुळे दोन्ही गुडघे सोलवटले. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर जाऊच नका. बंद जागेची भीती असेल तरीही नको. मध्येच परत फिरायचं म्हटलं तर मागच्या सगळ्यांना उलटं रांगावं लागतं.

इतकी अडचण का, ते आत शिरल्यावरच समजलं. आम्ही रांगलो त्या थरात, मेरेन्स्की रीफमध्ये, प्लॅटिनम गटाचे धातू टनाला साधारण 4 ते 7 ग्रॅम असतात, आणि त्यातलेही बहुतेक क्रोमाइट या क्रोमियमच्या काळ्या खनिजाच्या दोन पातळ रेघांच्या आसपास. छत वीतभर जास्त तोडलं तर धातू नसलेला दगडच वर जातो आणि टनामागचा धातू कमी होतो.

प्लॅटिनम डोळ्यांना दिसेल ही अपेक्षा सोडा. त्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. दिसतात ते बोटाच्या पेराएवढे तपकिरी पायरॉक्सीनचे स्फटिक, त्यांच्यामधला पांढरा फेल्डस्पार, आणि दिवा तिरका धरला की पायरोटाइट, पेंटलंडाइट, चाल्कोपायराइट या गंधकयुक्त खनिजांचे कांस्य-पिवळे ठिपके. दहापट भिंग न्याच. काळी क्रोमाइटची रेघ काही ठिकाणी नखाएवढीच जाड असते, पण एकदा ओळखता आली की मग नजर तिलाच धरून चालते.

स्टोपच्या वरच्या टोकाला ती रेघ अचानक खाली वळली. सपाट चाललेला थर फुटवॉलचे, म्हणजे रीफखालच्या खडकाचे, थर एकामागून एक कापत तिरका उतरला होता. हाच पॉटहोल. पुस्तकातल्या आकृत्यांमुळे मी रीफ म्हणजे अंथरलेली चादर असं समजत होतो, तो समज तिथेच गेला. असे खळगे काही मीटरांपासून शेकडो मीटर रुंद असतात, आणि त्यांच्यापाशी रीफ विरळ होते, फाटते किंवा काढणं परवडत नाही. नव्या गरम मॅग्माने आधी साचलेला स्फटिकांचा तळ वितळवून, खरवडून काढला, हे स्पष्टीकरण मला त्या कापलेल्या थरांकडे पाहून पटलं. सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वीची ती खरवड मी हाताने चाचपली. सोललेल्या गुडघ्यांचं मला तेव्हा भान नव्हतं. त्या एका जागेसाठी मी पुन्हा रांगत जाईन.

मेरेन्स्कीच्या खालची दुसरी रीफ, यूजी-2, वेगळ्या पातळीवर पाहिली. तिचं मेरेन्स्कीपासूनचं अंतर बुशवेल्डमध्ये, म्हणजे या रीफ ज्यात आहेत त्या थरांच्या अग्निजन्य खडकसमूहात, जागेनुसार काही डझन मीटरांपासून सुमारे 400 मीटरपर्यंत बदलतं. जवळजवळ अखंड क्रोमाइट, कोळशासारखी काळी आणि उचलायला भलतीच जड. तिथे छतातल्या पातळ क्रोमाइट पट्ट्यांवरून दगडाची लादी सुटू शकते. आमचा सोबती दर थोड्या अंतरावर लांब पहारीने छत ठोकून आवाज ऐकत होता. पोकळ आवाज आला की तिथून सरका, फोटो नंतर.

फोटो म्हटलं, पण मोबाइल, काडेपेटी, सिगारेट, बॅटरीवरचं काहीही आत नेऊ देत नाहीत. श्वासाची दारू तपासणी होते आणि वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी लागते. आम्हाला त्याच दिवशी सांगितल्याने सकाळचे तीन तास गेले, म्हणून लेखी होकार मिळाल्याशिवाय जोहान्सबर्गहून निघू नका. गुडघ्याचे पॅड, जाड मोजे आणि दोन लिटर पाणी स्वतःचं न्या. नमुना खिशात घालू नका, बाहेर पडताना झडती होते.

आधी खाणीच्या कार्यालयात ड्रिलचे गाभे (ड्रिलने काढलेले खडकाचे दंडगोल) पाहायला मागा. आम्हाला ते शेवटी दाखवले, आणि तिथे तासाभरात खालून वर थर ओळीने कळले: पांढरा, फेल्डस्पारचा ॲनॉर्थोसाइट, रीफ, वर फेल्डस्पार आणि पायरॉक्सीनचा नोराइट. हे आधी पाहिलं असतं तर अंधारात निम्मा वेळ चाचपडण्यात गेला नसता.

ज्यांना रांगणं जमणार नाही त्यांनी पूर्वेकडे स्टीलपूर्टजवळ ड्वार्स नदीच्या पात्रात जा. पांढऱ्या ॲनॉर्थोसाइटमध्ये काळे क्रोमाइटचे पट्टे फाटे फुटून पुन्हा जुळताना उन्हात उघडे दिसतात. ते वारसास्थळ आहे, हातोडी गाडीतच ठेवा. रुस्टेनबर्गहून मात्र एका दिवसात दोन्ही होत नाही.