इथून सगळं जवळ

मे महिन्यातली दुपार. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता आणि भाची वही घेऊन पुढ्यात बसली होती. सुट्टीचा अभ्यास : आपल्या गावाच्या पर्यटनासाठी घोषवाक्य लिहा. केरळनं देवालाच रहिवासी करून टाकलंय. गुजरातेत काही दिवस गुजारायला खुद्द बच्चनसाहेब सांगून गेले. आम्ही काय लिहावं?

‘मामा, ‘सोलापूर : ऊब देणारं गाव’ चालेल? चादरीमुळे.’

‘ऊब नको गं. ४३ डिग्री आहे बाहेर.’

आमच्या लहानपणी पुण्याचे पाहुणे बॅग खाली ठेवायच्या आत विचारायचे, इथं बघण्यासारखं काय? वडील सरसावून बसायचे. तुळजापूर, तासाभरात. अक्कलकोट त्याहून जवळ. पंढरपूर आहेच. गोलघुमट म्हणाल तर सकाळी निघायचं, आवाज घुमवायचा, संध्याकाळी जेवायला घरी. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचं तळं या यादीत कधीच नसायचं. ते घरचं. घरचं कोण दाखवतं? निघताना मात्र पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि वर दाबून बसवलेली चादर. पिशवीची चेन कधी लागली नाही.

एकदाच वडिलांना जोर चढला. ‘यांना माळढोक दाखवू.’ नान्नजचं अभयारण्य १९७९चं, बार्शी रोडला, वीसेक किलोमीटरवर. दुर्बीण एक, माणसं सात. तासभर वाळल्या गवतात डोळे फाडून बसलो. काळवीट दिसले, शेळ्या दिसल्या, शेळ्यांमागचा पोरगाही दिसला. मग लांब काहीतरी उभं राहिलं. पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी. जुने हेडमास्तर वर्गावर निघावेत तसं चार पावलं चाललं. दुर्बीण माझ्याकडे येईपर्यंत गवतात गडप. काकू म्हणाल्या, ‘मोर होता हो, भावजी.’ वडील त्या रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठले.

भाचीला सांगितलं, लिही, ‘सोलापूर : इथून सगळं जवळ.’ तिला पटलं नाही, पण लिहिलं.

‘खाली माळढोक काढू? अजून आहेत ना तिथं?’

हल्ली एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. तेवढंच सांगितलं. तिनं चित्र काढलं, मन लावून. बरंचसं मोरासारखं झालं होतं. मी काही बोललो नाही.