शंका म्हणजे 'डाउट' नव्हे

नागपुरात बर्डीवर माझं टायपिंगचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात एक मुलगी मोबाईल घेऊन आली. मिहानमधल्या एका विदेशी कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं, रुजू व्हायची तारीख तिला नीट कळली नव्हती. "काका, पाठवू का जी?" ईमेलात पहिलीच ओळ: 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर ऑफर लेटर.'

म्हटलं, थांब बेटा.

मराठीत न कळलेलं तेही शंका आणि संशय तोही शंका. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणतच आपण मोठे झालो, आपल्याकडे ते चालतंही. पण तिचं ईमेल बाहेरदेशी वाचलं जाणार होतं. तिथल्या माणसाला 'डाउट'मध्ये संशयच दिसतो. वाटेल, हिचा आमच्या पत्रावर भरवसा नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द स्टार्ट डेट' एवढं लिहिलं की झालं.

खाली होतं, 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स'. ही ओळ मी जवळपास रोज दुरुस्त करतो. आपण 'सोमवारपासून' म्हणतो, 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत त्या एका 'पासून'चे दोन शब्द होतात: सुरुवात कधी झाली ते सांगायला 'सिन्स', किती काळ झाला ते सांगायला 'फॉर'. त्यात आपलं नागपुरी 'काम करून राहिली' सरळ 'ॲम वर्किंग' होऊन उतरतं. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. अशा पोरांचं इंग्रजी कच्चं म्हणून लोक मोकळे होतात, ते मला लागतं. पोरगी मराठीच्या नियमाने अगदी बरोबर चालली होती.

'डिस्कस अबाउट'चं तेच. आपण पगाराबद्दल चर्चा करतो, पण 'डिस्कस'च्या पोटात 'बद्दल' आधीच आहे.

शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. इथे 'टू'नंतर नाम घालून बघायचं. 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' चालतं, म्हणून क्रियापद आलं तर 'हिअरिंग' हवं. 'आय वॉन्ट टू युवर रिप्लाय' चालत नाही, म्हणून 'आय वॉन्ट टू'नंतर 'हिअर'च.

तिनं सगळं स्वतः पुन्हा टाईप केलं. मग विचारलं, "काका, 'प्लीज रिव्हर्ट बॅक' राहू देऊ?"

आधी 'बॅक' काढायला लावला, मग 'रिव्हर्ट'ही. तिथे तिनं 'रिप्लाय' लिहिलं आणि ईमेल पाठवलं.