आमची वाटचाल : लाट उभी राहते तिथे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा बाबांनी ताडपत्रीच्या धंद्यासाठी घेतला. ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांच्या पुढच्या शेड, बाल्कनीचे पावसाळी पडदे अशी कामं. एप्रिल-मे हा आमचा हंगाम. तेव्हा दोन्ही मशिनं रात्री दहापर्यंत चालायची आणि जून लागला की हातावर हात धरून बसायची वेळ यायची. कॉमर्स झाल्यावर मी हिशेब सांभाळायला म्हणून गाळ्यात आले आणि दोन महिन्यांत मशिनवर बसले.

विंडसर्फिंगचं पहिलं शीड आमच्याकडे आलं तेही अशाच एका मे महिन्यात. नेरुळचा एक मुलगा लांबलचक पिशवी खांद्यावर घेऊन आला. "ताई, हे शिवून मिळेल का? तीन ठिकाणी विचारलं, सगळे नाही म्हणाले." शीड म्हणजे जाड कापड असणार अशी माझी समजूत होती. पिशवीतून निघालं ते काचेसारखं आरपार दिसणारं, हात लावला की कडकड वाजणारं प्लास्टिक. त्याला मोनोफिल्म म्हणतात, पॉलिएस्टरचीच फिल्म. उन्हाने ती दुधाळ होते आणि मग पापडासारखी मोडते, हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

बाबांनी ते उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "फाटलं कशाने?" मुलगा म्हणाला, "लाटेनं." बाबांना पटेना. वाऱ्याने फाटलेल्या ताडपत्र्या त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या. वारा कडेपासून फाडतो, आयलेटच्या भोकापासून सुरुवात करतो. इथे कडा सगळ्या शाबूत होत्या आणि मधोमध हातभर लांब चीर होती.

मग त्याने आम्हाला हा खेळ नीट समजावला. फळीवर डोलकाठी एका सांध्यावर बसवलेली असते, तो सांधा कुठल्याही बाजूला वळतो. सुकाणू नसतंच. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. पण शर्यत वेगळी आणि लाटांमधलं विंडसर्फिंग वेगळं. लाटांमध्ये शीड लहान घेतात, फळी आखूड घेतात, फुटणाऱ्या लाटेवर चढतात, तिच्या अंगावरून खाली घसरतात, पुन्हा वळून वर जातात. हवाई बेटांपैकी माउईवरच्या होओकिपाचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि पडलात तर? तर शीड पाण्यावर आडवं पडतं आणि पुढची लाट त्याच्यावर येऊन फुटते. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला साधारण १,०२५ किलो. साडेचार-पावणेपाच चौरस मीटरच्या शिडावर वीतभर पाणी आलं तरी जवळजवळ एक टन झालं. बाबांनी कागदावर गुणाकार केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग बरोबर आहे, मधूनच फाटणार."

ते शीड मी शिवलं, आणि चुकीचं शिवलं. ताडपत्रीची सवय हातात होती. जितकी बारीक टीप तितकी पक्की, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. चिरेवर पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी बारीक सरळ टिपा मारल्या. दिसायला सुंदर झालं. ६०० रुपये घेतले. आठवड्याने तो मुलगा परत आला. शीड माझ्या टिपेवरून सरळ रेषेत उघडलं होतं, पोस्टाच्या तिकिटांचा ताव भोकांवरून फाडावा तसं. सुईची भोकं इतकी जवळजवळ होती की फिल्म तिथेच कमकुवत झाली होती. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर हे घडलं, आणि फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारत त्याला परत यावं लागलं. तो एका शब्दाने बोलला नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या टिपेच्या भरवशावर एक माणूस समुद्रात गेला होता.

पैसे परत दिले आणि पुढचे चार महिने त्याच्याच जुन्या, टाकाऊ शिडाच्या तुकड्यांवर हात बसवला. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण गोळा होतो. आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ठिगळ बसवायचं, मगच टीप घालायची. टीप झिगझॅग, तीही लांब टाक्यांची, म्हणजे भोकं एका रेषेत येत नाहीत. दोरा उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचाच. आणि फिल्म दुधाळ झाली असेल तर ठिगळाला हातच लावायचा नाही, अख्खा पट्टा बदलायचा. गिऱ्हाईक कितीही म्हणालं "एवढ्यापुरतं करून द्या", तरी आजही आम्ही नाही म्हणतो.

त्याच वेळी एक वही घातली. शीड आलं की मी विचारायचे: कुठे होतात, पाणी किती खोल होतं, भरती होती की ओहोटी? सुरुवातीला लोकांना वाटायचं, शिवायला हे कशाला हवं. पण दोन-तीन हंगामांत वही बोलू लागली. भर समुद्रात फाटलेलं शीड क्वचितच यायचं. बहुतेक सगळी फाटली होती कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात. त्याचं कारण साधं आहे. लाट उथळात आली की तिचा पाय तळाला घासतो, ती उभी राहते आणि फुटते. ढोबळ हिशेब असा की लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोलीला ती मोडते. मीटरभर लाट सव्वा मीटर पाण्यात. नेमक्या त्याच पाण्यात डोलकाठीचं टोक तळाला टेकतं, वरून लाट ढकलते, आणि काठी कार्बनची असली तरी मोडते. नव्या मुलांना मी आता शीड परत देताना सांगतेच: उतरण्याआधी किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, मोठ्या लाटांचा जथा किती वेळाने येतो. पडलात तर लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये फळी येऊ देऊ नका.

२०२० साली टाळेबंदीत शिडं बंदच होती, आणि ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगरकडची छपरं उडाली. त्या पावसाळ्यात आम्ही फक्त ताडपत्र्या शिवल्या, रात्रंदिवस. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्यानंतर धंद्याला नवी वाट फुटली. लाटांतली काही मुलं आता चाळिशीला आली होती. दोघांनी मिळून सव्वीस फुटी शिडाची बोट घेतली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचं ठरवलं. शिडं, आच्छादनं, दोऱ्या आमच्याकडून. "ताई, वही घेऊन तुम्हीही चला," म्हणाले. मी गेले.

पहिला टप्पा मांडवा ते मुरूड, साधारण तीस सागरी मैल. नकाशाच्या कडेला अक्षांश असतात, त्यातलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे कर्कटक उघडून अंतर मोजणं सोपं. ताशी साडेचार मैल धरले तर सात तास. दुपारी वायव्येचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा पाठीशी घेऊन मजेत पोचलो. दुसऱ्या दिवशी मुरूड ते बाणकोट, वीस मैल. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. मी नकाशावर खाडीच्या तोंडाची खोली पाहिली होती, बोटीखाली पुरेसं पाणी होतं. दुपारी चारला तोंडाशी आलो आणि समोर पांढरी रेघ दिसली. उघड्या समुद्रावर जी लाट मऊ होती तीच तिथे उभी राहून कोसळत होती. सावित्रीचं पाणी ओहोटीने जोरात बाहेर येत होतं, वारा आणि लाट आत जात होती, आणि खाली वाळूचा दांडा. माझ्या वहीतलं छातीएवढं पाणी इथे वेगळ्या रूपात माझ्यापुढे उभं होतं, आणि मी ते ओळखलं नव्हतं.

चेंदणी कोळीवाड्यातले एक तांडेल काका बाबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना फोन लावला. त्यांनी फक्त विचारलं, "आज तिथी कंची?" प्रतिपदा म्हटल्यावर म्हणाले, "मग पानी आता जोरात उतरतंय. तोंडाशी जाऊ नको पोरी. भायेर खोल पान्यात नांगर टाक. रातचा पन शिरू नको." रात्रभर नांगरावर झुलत काढली. झोप कुणालाच नाही. सकाळी दहाच्या सुमारास भरतीबरोबर आत गेलो तर तिथे लाटेचा मागमूस नव्हता.

परत आल्यावर काका गाळ्यावर आले आणि त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणकी केली, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं, की पूर्ण भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे सहा. बाबांना शाळेतली पाऊणकी पाठ होती, ते लगेच पुढचं म्हणू लागले. माझ्या पिढीला ती कुणी शिकवली नाही. भरतीनंतर तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सर्वांत जोरात उतरतं, म्हणजे प्रतिपदेला दुपारी चार ही तोंडाशी जायची सगळ्यात वाईट वेळ. मी नेमकी तीच निवडली होती.

तेव्हापासून आमची प्रत्येक सफर अष्टमीच्या आसपास ठरते. भांगाची भरती, चढउतार कमी, आणि दुपारी पाणी चढत असताना खारा वारा पाठीशी घेऊन खाडीत शिरता येतं. आधी परतीचा हिशेब मांडतो, कारण येताना वायव्येचा वारा तोंडावर असतो आणि तेच अंतर जवळपास दुप्पट वेळ खातं. त्यासाठी पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा धरायचा, नऊ-दहापर्यंत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पाऊणकी ताडून पाहतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघतो. त्यात दूरच्या समुद्रातून येणारी लांब लाट दिसली, तर वारा शांत असला तरी निघत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर बोटीवर आतल्या बाजूला रंगवलेला आहे.

आज गाळ्यात तीन मशिनं आहेत, दोन ताडपत्रीला, एक शिडांना. सफरीचा आराखडा करून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेतो. त्यात शिडांची तपासणी आलीच, कारण डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. बाबा आता रोज येत नाहीत. फाटलेलं शीड आलं की त्यांना फोटो पाठवते आणि ते तासाभरात फोन करतात: "हे उथळातलं आहे. विचार त्याला, कमरेएवढं पाणी होतं का?"

दिवाळीनंतरच्या अष्टमीला हर्णैपर्यंत जायचं आहे. यंदा तांडेल काकाही बोटीवर येतो म्हणाले आहेत. त्यांच्यासाठी मागच्या बाकाचं नवं आच्छादन या आठवड्यात शिवायला घेतलं आहे.