पोलीस भरती, जुनी गांजाची केस आणि एक न हललेली नोंद

मला कोणी सांगितलं नाही म्हणून आधी हेच सांगतो. तुमच्यावर कधीकाळी गुन्हा दाखल झाला असेल आणि तुम्ही सुटला असाल, तर निकालपत्राच्या प्रमाणित प्रती भरतीची जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेवा. एक नव्हे, चार-पाच.

माझी केस 2017 ची. कॉलेजचं दुसरं वर्ष, पडक्या गोदामात आम्ही पाच जण आणि एक चिलीम. गस्तीची गाडी आली, तिघे भिंतीवरून उड्या टाकून पळाले, आम्ही दोघे सापडलो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, कलम 8(क) आणि 27. गांजा ओढल्याबद्दल कलम 27 मध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीन लगेच झाला. वकील म्हणाले, "गुन्हा कबूल कर, दंड भर, एका दिवसात मोकळा." अण्णा नाही म्हणाले. त्यांना कायदा कळत होता असं नाही, वकिलावर विश्वास नव्हता एवढंच. पण कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी असते, 'मिटवणं' नसतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या एका हट्टासाठी अण्णांचे उपकार मानतो. पंच फितूर झाले आणि जानेवारी 2020 मध्ये संशयाचा फायदा देऊन आम्हाला निर्दोष सोडलं.

ओढला होता का? ओढला होता. त्या रात्रीनंतर हात लावला नाही, पण ओढला होता.

भरतीचं काही सांगत नाही. जानेवारी 2023 मध्ये मैदान, 1600 मीटर, 100 मीटर, गोळा. मग एप्रिलमध्ये लेखी. त्यावर व्हिडिओंचा ढीग पडलाय. यादीत नाव आलं, वैद्यकीय तपासणी झाली (डॉक्टरांनी व्यसनाचं विचारलं, मी होतं तसं सांगितलं, त्यांनी मानही वर केली नाही), आणि हातात साक्षांकन नमुना आला, म्हणजे पूर्वचारित्र्य तपासण्यासाठी उमेदवाराने भरायचा फॉर्म.

त्यात वरच ठळक लिहिलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर अपात्र ठराल. खाली प्रश्न: कधी अटक झाली होती का, कधी खटला चालला होता का, न्यायालयाने दंड केला होता का, सध्या काही प्रलंबित आहे का. गांजा ओढलात का, असं कुठेच विचारत नाहीत. म्हणजे त्या पळालेल्या तिघांपैकी कोणी भरतीला बसला असता तर सगळीकडे बिनदिक्कत 'नाही' लिहून मोकळा झाला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं. हे मला अजूनही बोचतं.

अकॅडमीतले सर म्हणाले, "निर्दोष सुटलास ना? मग 'नाही' लिही, कोण बघतंय." चुलत भावाचंही तेच. मी नमुना दहा वेळा वाचला. निर्दोष सुटलो म्हणून झालेली अटक पुसली जात नाही. प्रश्न अटकेचा आहे, शिक्षेचा नाही. शिवाय आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर सगळ्या ठाण्यांचे गुन्हे एका जागी दिसतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार हा निकालही कोणीतरी वाचायला दिला. त्यातून एवढं कळलं की दडवलं तर तेवढंच कारणही पुरू शकतं, आणि खरं लिहिलं तरी नोकरी मिळेलच असं नाही. पूर्वचारित्र्य बघून ठरवायचा हक्क खात्याचाच. म्हणजे खरं लिहिणाऱ्याला हमी कुणाचीच नाही. तरी 'होय' लिहिलं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम, निकालाची तारीख, सगळं.

आणि इथून पुढे आठ महिने गेले.

झालं असं, की ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता तिथून अहवाल आला: 'सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.' न्यायप्रविष्ट! निकाल लागून तीन वर्षं झाली होती. माझ्या नमुन्यात 'निर्दोष मुक्त', पोलिसांच्या अहवालात 'न्यायप्रविष्ट'. सगळं खरं लिहून कागदावर खोटारडा मीच दिसत होतो.

ठाण्यात गेलो. गोपनीय शाखेच्या अंमलदारांनी संगणकाकडे बोट दाखवलं. "इथं निकाल चढलेलाच नाही. कोर्टाकडून प्रत आली नाही." कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनाने जावक नोंदवही उघडून दाखवली, पाठवल्याची नोंद होती. परत ठाण्यात. "असेल, पण आमच्या बारनिशीला (आवक नोंदवहीत) नाही." मी म्हटलं, मी आणून देतो. तर म्हणे, "तू दिलेल्या कागदावर आम्ही नोंद कशी करणार? प्रमाणित प्रत आण, मग बघू."

प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज. माझ्याकडे जुन्या समन्सवरचा केस नंबर होता, आणि मधे केस दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाल्यामुळे तो बदललेला. शोधून शोधून थकल्यावर शेजारच्या खिडकीतल्या एका बाईंनी सांगितलं, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर एफआयआर नंबर टाकून बघ. दोन मिनिटांत 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा कायमचा ओळख क्रमांक, मिळाला. (हे घरी बसून करता येतं. मी तीन खेपा घातल्या होत्या.) प्रकरण अभिलेख कक्षात गेलेलं, त्यामुळे नक्कल मिळायला सहा आठवडे. तोवर माझ्याबरोबरची मुलं ट्रेनिंगला गेली. ग्रुपवर त्यांचे खाकी हाफ पॅन्टमधले फोटो यायचे. मी ग्रुप म्यूट केला.

प्रत घेऊन ठाण्यात गेलो तर अंमलदारांची बदली झालेली. नवे म्हणाले, ठेवून जा. ठेवून आलो, आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक. पोच घेतली नाही. महिन्याने विचारायला गेलो तर कागद सापडेना. दुसरी प्रत काढली, पुन्हा तीन आठवडे. या वेळी अर्ज दोन प्रतींत, वरच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का, तारीख, सही. ठाण्यात शिक्का मारायला कोणी नाही म्हणालं तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावतीही चालते.

तरी काही हललं नाही. मग वैतागून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला: या गुन्ह्याची आपल्या अभिलेखातली आजची स्थिती काय, आणि निकालाची प्रत मिळाल्यावर कोणी काय कार्यवाही केली. तीस दिवसांची मुदत असते. सव्विसाव्या दिवशी ठाण्यातूनच फोन आला, "अरे, तुझा सुधारित अहवाल पाठवलाय, आता अर्ज कशाला पुढे नेतोस?" सात महिने जे होत नव्हतं ते एका साध्या अर्जाने झालं. पहिल्याच महिन्यात टाकायला हवा होता. राग त्यांचा जास्त येतो की स्वतःचा, सांगता येत नाही.

घटनेच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्यांनी 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 वाचावं आणि मग वकिलाला विचारावं.

त्यानंतर मला म्हणणं मांडायला बोलावलं. साहेबांनी निकालपत्र चाळलं, 'संशयाचा फायदा' या शब्दांवर पेन टेकवलं आणि विचारलं, "म्हणजे ओढला नव्हता?" घरून पाठ करून नेलेलं उत्तर होतं, वकिलाने लिहून दिलेलं. मी म्हणालो, "ओढला होता, साहेब." ते काहीच बोलले नाहीत. बाहेर येऊन अण्णांना फोन केला आणि सांगितलं, बहुतेक गेलं.

नियुक्तीपत्र मार्च 2024 मध्ये आलं. त्या उत्तराने काम झालं की ते असूनही झालं, मला ठाऊक नाही. पुढच्या तुकडीबरोबर ट्रेनिंग झालं.

सुधारित अहवाल गेला, पण संगणकातली ती मूळ नोंद बदलली का, हे मी अजून विचारलेलं नाही. आता त्याच खात्यात आहे, एका फोनवर कळेल. निकालपत्राच्या तीन प्रती मात्र कपाटात आहेत.