बोट टोचलं आणि रक्त थांबेचना

शाळेत जाऊन मुलींचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, तपासायचं म्हणजे काय, बोट टोचायचं आणि आकडा लिहायचा, असं लोकांना वाटतं. खरं कसब बोट न दाबण्यात आहे. हात गार असेल तर आधी चोळायचा, बोटाच्या टोकाला नाही तर जरा बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा आणि पुढचा आपोआप येऊ द्यायचा, कारण दाबून काढला की ऊतीतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. आमच्यातले काही जण घाईत दाबतातच, मग अख्खा वर्ग ॲनिमिक!

त्या दिवशी चौदा वर्षांच्या एका मुलीचं एचबी 5.6 आलं. सिस्टर म्हणाल्या, दाबलं गेलं असेल. पण पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक. या वयात 12 च्या खाली ॲनिमिया आणि 8 च्या खाली तीव्र ॲनिमिया धरतात, आणि ही बाई रांगेत उभी होती! वर्गशिक्षिका शेजारून म्हणतायत, "मॅडम, आळशी आहे हो ती, पीटीला कायम बसून असते."

दुसऱ्या मुलीकडे वळले आणि परत बघते तर हिचा कापूस भिजलेला. दुसरा दिला, तोही भिजला. टोचल्याचं रक्त इतका वेळ चालू राहत नाही.

आमच्या फॉर्मवर पाळीबद्दल एकच प्रश्न आहे, सुरू झाली का, हो किंवा नाही. किती जाते, किती दिवस, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी पडतात का, हे कोणी विचारायचं? मी तिला बाजूला घेऊन विचारलं. दहा-दहा दिवस, आणि सुरुवातीला तर तासातासाला बदलायचं, म्हणून ती त्या दिवसांत शाळेतच येत नव्हती. नाकातूनही रक्त यायचं. आईला बोलावलं तर ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात सगळ्यांचंच असं असतं, मलाही दोन्ही बाळंतपणात रक्त चढवलं होतं."

फिनलंडच्या व्हॉन विलेब्रँड नावाच्या डॉक्टरांनी 1926 मध्ये, रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी पडतं अशा आनुवंशिक आजाराचं, पहिलं वर्णन केलं ते अशाच एका कुटुंबावरून, त्यातली मुलगी तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्राव होऊन गेली. शंभर वर्षं झाली तरी आपण लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून मोकळे.

आमच्या मुलीला वॉर्डात रक्त चढवलं, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नॉर्मल आल्या आणि लगेच डिस्चार्जची भाषा सुरू. प्लेटलेट नॉर्मल असल्या तरी हा आजार असू शकतो हे डॉक्टर असून मला डॉक्टरांना समजवावं लागलं, अक्षरशः भांडून विलेब्रँड फॅक्टरची, म्हणजे त्याच प्रथिनाची, टेस्ट बाहेर पाठवली. कमीच आला. आईचं रक्त बाळंतपणात मोजलं, चढवलं, पण इतकं का जातं हे बाळंतपणाआधी किंवा नंतर कोणी विचारलं नव्हतं. बाईचं रक्त पोटात बाळ असेल तेव्हाच मोजायचं असतं बहुतेक.

आता पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध चालू आहे, शाळा बुडत नाही. वडील मात्र येऊन म्हणाले, "मॅडम, हे कागदावर नका लिहू, पुढे लग्नाला अडचण होईल." मी लिहिलंच. धाकटीलाही तपासायला आणा म्हणून दोनदा निरोप पाठवलाय, अजून आणलेलं नाही.