काळी चार

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी मी ऑर्गन तासभर आधीच उघडला. एरवी अर्धा तास पुरतो. झाकण काढायचं, दोन्ही पायांनी भाता भरून घ्यायचा, खर्जापासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबून बघायची, एखादा सूर घोगरा वाजला तर रीडवरची धूळ झटकायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही, मग जास्त वेळ लागतो. त्या दिवशी हवा कोरडी होती आणि सगळे सूर स्वच्छ होते. तरी मी बसून राहिलो आणि पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली.

नाटक होतं 'संगीत सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेलं. आमच्या संस्थेने ते तेवीस वर्षं केलं आणि पहिल्या प्रयोगापासून ऑर्गनवर मीच होतो. वीसेक माणसं, सेट, कपडेपट, दोन साथीदार, एवढा पसारा घेऊन वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रयोग होऊ लागले होते. त्यातच आमच्या सुभद्रेने, म्हणजे ताईंनी, थांबायचं ठरवलं. दुसरी सुभद्रा उभी करायची ताकद संस्थेत उरली नव्हती, म्हणून नाटकच थांबवायचं ठरलं.

दुसऱ्या घंटेआधी ताई विंगेतून खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, आज काळी चार दे."

मी नुसता बघत राहिलो. काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी, तिला 'सा' धरून गायचं. सुरुवातीच्या वर्षांत त्या काळी पाचमध्ये गायच्या. पुढे खाली काळी चारवर आल्या, आणि गेली सहा वर्षं त्याच्याही खाली, पांढरी पाच. अर्ध्या सुराचा तर फरक, पण वयाची साठी ओलांडलेल्या गळ्याला तारसप्तकात तो अर्धा सूर डोंगराएवढा असतो. "ताई, तीन तास निभायचंय," मी म्हटलं. "निभेल," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

माझी जागा रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. उजवीकडे तबला. इथून नटही दिसतात आणि पहिल्या चार रांगांतले चेहरेही. त्या चेहऱ्यांपैकी निम्मे मला ओळखीचे होते, नावं मात्र एकाचंही माहीत नव्हतं. प्लॅन उघडला की पहिल्याच दिवशी ठरलेल्या खुर्च्या घेणारी ही माणसं. नांदी सुरू व्हायच्या आत बसलेली असणार, पदाच्या मध्ये खोकला आला तर तोंडावर रुमाल धरणार, सम चुकली तर चेहऱ्यावर दाखवणार नाहीत पण घरी जाताना बोलणार. त्यांच्यातल्या एक काकू पहिल्या रांगेत, अगदी ऑर्गनजवळ बसायच्या. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. प्रत्येक प्रयोगाला कोणतं पद घेतलं, कोणतं गाळलं, कशाला वन्स मोअर मिळाला, सगळं त्यात टिपलेलं. सहा वर्षांपूर्वी ताईंनी सूर उतरवला, त्या दिवशी प्रयोग संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या होत्या आणि हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "पांढरी पाच ना?" मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं. पुढे ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली असेल असं मला वाटत नाही.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि पहिल्या अंकातच माझ्या लक्षात आलं की आज हे लोक नाटक संपू देणार नाहीत. सूत्रधाराच्या पदाला वन्स मोअर, नारदाच्या पदाला वन्स मोअर, अर्जुनाला दोनदा. वन्स मोअर द्यायचा की नाही हे गाणारा ठरवतो. तो नुसता माझ्याकडे बघतो आणि मी सूर धरून ठेवतो. त्या दिवशी माझे पाय पायट्यांवरून उतरलेच नाहीत. विंगेत उभा आमचा व्यवस्थापक मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. साडेनऊला तिथेच दुसऱ्या नाटकाचा प्रयोग होता, त्यांचा सेट येऊन मागच्या दाराशी थांबला होता. पूर्वी अशी नाटकं रात्रभर चालत आणि पहाटे संपत. आता तीन तासांत बसवायचं म्हणजे पदांनाच कात्री लागते.

आणि कात्री कुठे लागते, हेही ठरलेलंच असतं. ताना-आलापांना जागा असलेली, टाळी घेणारी पदं राहतात. साक्या, दिंड्या, कामदा, या साध्या छंदांतल्या रचना जातात. किर्लोस्करांनी नाटकात अशा कितीतरी योजल्या, कारण त्या चाली लोकांच्या कानांत आधीपासून होत्या. माझ्या मते या नाटकाचा खरा गोडवा तिथेच आहे. बोलता बोलता पात्र गाऊ लागतं आणि कधी गाऊ लागलं ते कळतसुद्धा नाही. आमच्या प्रयोगातली सुभद्रेची एक दिंडी अकरा वर्षांपूर्वी गाळली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून लोकांना कळलंच नसेल असं मी धरून चाललो होतो.

मध्यंतरात बॅकस्टेजचा मुलगा चिठ्ठी घेऊन आला. साध्या कागदावर त्या दिंडीचे पहिले दोन शब्द, आणि खाली वेगवेगळ्या अक्षरांत अठरा-वीस सह्या. ताई रंगपटात आरशासमोर बसल्या होत्या. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. "येते का रे तुला?" मला विचारलं. चाल यायचीच होती. दिंडीची चाल एकदा बोटांत बसली की जात नाही. "मला येते. तुम्हाला शब्द?" त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "येतील."

तिसऱ्या अंकानंतर तो प्रवेश आला. सुभद्रा एकटी. इथे दोन वाक्यं झाली की दिवा मंद होतो, पण ताई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी षड्ज धरला. तबल्यावर ठेका नाही, नुसता हलका हात. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या रांगांमधून एक लांब श्वास ऐकू आला. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या.

सुरुवातीला मला वाटलं, भावासाठी थांबल्यात. मग त्यांचा उजवा हात दिसला. शालूच्या काठाची घडी बोटांत धरून त्या ती सोडत होत्या, पुन्हा धरत होत्या. शब्द गेले होते. प्रॉम्प्टरच्या संहितेत ती दिंडी नव्हती. मी सूर सोडला नाही, गुडघ्याची पट्टी दाबून आवाज थोडा भरला, ओळीची सुरुवात उजव्या हाताने वाजवून दाखवली. उपयोग झाला नाही. चालीला शब्द येईनात.

तेव्हा बाल्कनीतून ओळ आली. गाऊन नाही, नुसती बोलून, बेताच्या आवाजात. पाठोपाठ मधल्या रांगांतून, मग समोरून. पंचवीस-तीस माणसं ती एक ओळ म्हणाली आणि गप्प झाली. आमच्याकडे प्रेक्षक गात नाहीत, ते गैर मानतात, आणि त्या क्षणीही कुणी गायलं नाही. गाणं ताईंचं होतं, ते त्यांनी ताईंनाच परत दिलं. काकूंची वही मांडीवर मिटलेली होती. त्यांचे ओठ मला दिसत होते.

ताईंनी ती ओळ घेतली. तारषड्जाला आवाज किंचित फाटला आणि लागला, काळी चारमध्ये, पूर्ण. दिंडी संपल्यावर कुणीच वन्स मोअर म्हणालं नाही. टाळीसुद्धा बऱ्याच उशिराने आली.

पुढचं भराभर झालं. भरतवाक्याला ताईंनी सगळ्यांना विंगेतून बाहेर बोलावलं, कपडेपटवाल्यांना, दिवेवाल्याला, चहा देणाऱ्या पोऱ्यालाही. पडदा दोनदा वर घ्यावा लागला. मग दिवे लागले आणि माणसं उठली, पण दाराकडे गेलीच नाहीत. पुढे येऊन रंगमंचाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. मागे सेट उतरत होता. थिएटरच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता एक दार उघडं ठेवलं.

मी खुंट्या आत ढकलून झाकण लावत होतो. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वही उघडलेली, पेन हातात.

"काळी चार ना?"

"हो काकू."

त्यांनी लिहिलं, शाई वाळेपर्यंत पानावर हात धरला आणि वही मिटली. मग ऑर्गन उचलायला आलेल्या चौघांना वाट देण्यासाठी त्या बाजूला झाल्या.